महोगनीच्या पेट्या : ६ जानेवारी २०२१चा घटनाक्रम

अमेरिकेचा अध्यक्ष ठरवणारी ५३८ मतं दर चार वर्षांनी महोगनी लाकडाच्या पेट्यांमधून वाहून नेली जातात. जुन्या वाड्यात दस्तऐवजांची असायची तशी भारदस्त पेटी, वर चामड्याचे पट्टे आवळलेले. आत राज्याराज्यांतून आलेले लखोटे आणि लखोट्यांत हाताने सह्या केलेले कागद. मोजणी या कागदांचीच होते.

६ जानेवारी २०२१ रोजी ही शेवटची मोजणी होती आणि ती थांबवण्यासाठी जमाव संसदेच्या इमारतीत, कॅपिटॉलमध्ये, घुसला. भिंतींवर चढणारी माणसं आपण सगळ्यांनी पडद्यावर पाहिली. पण ते नेमकं काय थांबवायला आले होते, आणि ते थांबवता येईल असं त्यांना का वाटलं, हे त्या चित्रांतून कळत नाही. त्यासाठी तिथली निवडणूक पायरीपायरीने समजून घ्यावी लागते. म्हणून हा घटनाक्रम, कॅपिटॉलची पहिली खिडकी फुटली त्या क्षणाकडे उलटी मोजणी करत नेलेला. वेळा वॉशिंग्टनच्या आहेत. हिवाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेदहा तास पुढे असतं.

३ नोव्हेंबर २०२० : खिडकी फुटायला ६४ दिवस

मतदान झालं. मतपत्रिकेवर जो बायडन आणि डोनाल्ड ट्रम्प यांची नावं होती, पण मत पडत होतं ते त्यांच्या बाजूच्या इलेक्टर्सना, म्हणजे निर्वाचकांना. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिणाऱ्यांनी अध्यक्षाची निवड थेट जनतेवर सोपवली नाही आणि संसदेवरही सोपवली नाही. मधला मार्ग म्हणून त्यांनी प्रत्येक राज्याला इलेक्टर दिले. संसदेच्या प्रतिनिधिगृहातले राज्याचे सदस्य अधिक दुसऱ्या सभागृहातले, सेनेटमधले, त्याचे दोन सेनेटर, तेवढे इलेक्टर. आजचा हिशेब ४३५ अधिक १०० आणि राजधानी वॉशिंग्टनचे ३, असा ५३८चा. बहुमत २७०.

५० पैकी ४८ राज्यांत जो उमेदवार एका मताने जरी पुढे असेल, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर मिळतात. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्यं काही मतं मतदारसंघनिहाय देतात. छोट्या राज्यांनाही दोन सेनेटर असल्यामुळे तराजू त्यांच्याकडे झुकतो. वायोमिंगमध्ये साधारण १ लाख ९२ हजार लोकांमागे एक इलेक्टर होता, कॅलिफोर्नियात सुमारे ७ लाख १८ हजार लोकांमागे एक.

आपल्याकडे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने विजयी उमेदवाराच्या हातात प्रमाणपत्र ठेवलं की निकाल लागला. त्याच्यामागे एक केंद्रीय निवडणूक आयोग उभा असतो. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक घेऊन देशाचा निकाल जाहीर करणारी अशी एकही संस्था नाही. मतं काउंटी (तिथला जिल्हा) मोजते, प्रमाणित राज्य करतं, राज्याचे इलेक्टर मत देतात आणि संसद ती मतं मोजते. ही कड्यांची साखळी आहे आणि प्रत्येक कडीशी कुणीतरी माणूस बसलेला असतो.

अंतिम आकडे बायडन ३०६, ट्रम्प २३२ असे आले. देशभरात बायडन यांना ७० लाखांहून जास्त मतांची आघाडी होती. पण अॅरिझोनात फरक १०,४५७ मतांचा होता, जॉर्जियात ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ मतांचा. बेरीज ४२,९१८. एवढी आघाडी पुसली जाऊन ही तीन राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली असती, तर दोघंही २६९वर अडकले असते. अशा वेळी निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत असतं. वायोमिंगला एक, कॅलिफोर्नियालाही एक. बहुसंख्य राज्यांच्या प्रतिनिधीगटांत त्या वेळी ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे सदस्य जास्त होते. पुढच्या दोन महिन्यांत जे घडलं, ते या फटीकडे पाहत घडलं.

१४ डिसेंबर : २३ दिवस

त्या वेळच्या कायद्यानुसार डिसेंबरच्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या सोमवारी इलेक्टर आपापल्या राज्याच्या राजधानीत जमत. ते देशभरातून एकत्र कधीच येत नाहीत. मत दिल्यावर ते प्रमाणपत्राच्या सहा मूळ प्रतींवर सह्या करतात. त्यांतली एक जाते सेनेटच्या अध्यक्षाकडे, म्हणजे देशाच्या उपाध्यक्षाकडे. उरलेल्या प्रती राष्ट्रीय अभिलेखागार, राज्याचं कार्यालय आणि न्यायालय यांच्याकडे जातात. एक प्रत गहाळ झाली तर दुसरी असावी, हा जुन्या काळातला शहाणपणा.

त्या दिवशी ३०६ आणि २३२ मतं रीतसर पडली. ट्रम्प यांच्या बाजूने केलेले डझनावारी दावे न्यायालयांत टिकले नव्हते. निकाल फिरेल एवढा गैरप्रकार सापडला नाही, हे त्यांचेच अॅटर्नी जनरल विल्यम बार १ डिसेंबरला सांगून बसले होते. तरी त्याच सोमवारी अॅरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेवाडा, न्यू मेक्सिको, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या सात राज्यांत ट्रम्प समर्थकांचे गट जमले. कोणत्याही राज्याने नेमलेलं नसताना त्यांनी इलेक्टर म्हणून कागदांवर सह्या केल्या. सात राज्यांची मिळून ८४ मतं होतात. त्या बनावट कागदांची गरज कुणाला होती, ते जानेवारीत उघड झालं.

२ जानेवारी २०२१ : ४ दिवस

जॉर्जिया राज्याचे सचिव ब्रॅड राफेन्सपर्गर यांना ट्रम्प यांनी फोन केला. बोलणं तासभर चाललं. मला फक्त ११,७८० मतं शोधून हवी आहेत, अशी अध्यक्षांची मागणी होती. फरकापेक्षा नेमकं एक मत जास्त. राफेन्सपर्गर स्वतः रिपब्लिकन, ट्रम्प यांनाच मत दिलेले. जॉर्जियाची मतं एकदा हाताने मोजून झाली होती, मग यंत्राने पुन्हा मोजून झाली होती. आकडे बरोबर आहेत, असं त्यांनी सांगितलं आणि त्यावरून ते हलले नाहीत. जॉर्जियाची कडी या एका फोनवर तुटू शकली असती.

४ जानेवारी : २ दिवस

व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांनी उपाध्यक्ष माइक पेन्स यांना वकील जॉन ईस्टमन यांच्यासमोर बसवलं. ईस्टमन यांच्या टिपणातलं गणित साधं होतं. ज्या सात राज्यांतून दुसरे कागद आले आहेत, ती वादग्रस्त धरून बाजूला ठेवायची. ५३८मधून ८४ गेले, उरले ४५४. बहुमत २२८. ट्रम्प यांच्याकडे २३२. जिंकले. यावर ओरड झाली तर प्रकरण प्रतिनिधिगृहाकडे, तिथे राज्यागणिक एक मत. तिथेही जिंकले. हे सगळं करणार कोण? पेटी उघडणारा माणूस, म्हणजे पेन्स.

असा युक्तिवाद करायला जागा कुठून मिळाली? १८०४च्या बाराव्या घटनादुरुस्तीतल्या एका वाक्यातून. सेनेटचे अध्यक्ष दोन्ही सभागृहांच्या समक्ष सर्व प्रमाणपत्रं उघडतील आणि त्यानंतर मतं मोजली जातील, असं ते वाक्य आहे. शाळेत व्याकरण शिकलेल्या कुणालाही यातली अडचण दिसेल. 'उघडतील' हा कर्तरी प्रयोग आहे, उघडणारा कोण ते स्पष्ट आहे. 'मोजली जातील' हा कर्मणी प्रयोग आहे. मोजणारा कोण, वाद झाला तर ठरवणारा कोण, याचा कर्ताच वाक्यात नाही.

या न सांगितलेल्या कर्त्याने एकदा देशाला टोकापर्यंत नेलं होतं. १८७६च्या निवडणुकीत चार राज्यांच्या मतांवर वाद झाला आणि तीन दक्षिणी राज्यांतून दोन-दोन निकाल आले. शेवटी नेमलेल्या १५ जणांच्या आयोगाने ८ विरुद्ध ७ मतांनी रदरफर्ड हेज यांच्या बाजूने कौल दिला आणि ते १८५ विरुद्ध १८४ असे निवडून आले. अकरा वर्षांनी, १८८७ साली, मोजणीचा कायदा झाला. पण त्याची वाक्यं लांब आणि गुंतागुंतीची होती. प्रतिनिधिगृहातला एक सदस्य आणि एक सेनेटर यांनी लेखी हरकत दिली की मोजणी थांबायची आणि दोन्ही सभागृहांना वेगळं बसून चर्चा करावी लागायची. दोघांच्या सहीने देशाची मोजणी अडत होती.

५ जानेवारी, रात्री ८ : १८ तास

दोन्ही पक्षांच्या मुख्यालयांजवळ कुणीतरी पाइप बॉम्ब ठेवून गेलं. कॅपिटॉलपासून ही ठिकाणं पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. बॉम्ब दुसऱ्या दिवशी दुपारी, सर्वांत वाईट वेळी, सापडणार होते.

६ जानेवारी, पहाटे १:०० : १३ तास १३ मिनिटं

ट्रम्प यांनी ट्विटरवर लिहिलं की उपाध्यक्षांनी साथ दिली तर अध्यक्षपद आपलंच आहे. सकाळी ८:१७ला पुन्हा लिहिलं: पेन्सनी मतं फक्त राज्यांकडे परत पाठवायची आहेत, माइक, धैर्य दाखव. निवडणूक एका माणसाच्या हातात आहे, असं लाखो लोकांना त्या सकाळी सांगितलं गेलं. मग तो माणूस नाही म्हणाला तर दोष कुणाचा, हेही आपोआप ठरून गेलं.

सकाळी ११:२० : २ तास ५३ मिनिटं

ट्रम्प आणि पेन्स यांचं फोनवर शेवटचं बोलणं झालं. व्हाइट हाउसमध्ये ज्यांनी ते अलीकडून ऐकलं, त्यांनी पुढे साक्षीत सांगितलं की आवाज चढला होता. पेन्स बधले नाहीत.

सकाळी ११:५७ : २ तास १६ मिनिटं

व्हाइट हाउसजवळच्या मैदानावर ट्रम्प यांचं भाषण सुरू झालं. ते तासाहून अधिक चाललं. शांततेने आणि देशभक्तीने आवाज ऐकवा, असं त्यात एकदा होतं. जिवाच्या आकांताने लढला नाहीत तर देश उरणार नाही, असंही होतं. मीही तुमच्याबरोबर कॅपिटॉलकडे येणार, असंही होतं.

दुपारी १२:३७ : १ तास ३६ मिनिटं

पेन्स यांच्या सहायकाच्या मोबाइलवर संदेश आला. एका सेनेटरचा सहायक विचारत होता: आमच्या साहेबांना उपाध्यक्षांच्या हाती काही द्यायचं आहे, कसं करू? काय द्यायचंय, असं विचारल्यावर उत्तर आलं: मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या इलेक्टर्सची पर्यायी यादी. डिसेंबरातले ते बनावट कागद पेटीपासून हातभर अंतरावर आले होते. पेन्स यांच्या सहायकाने उलट लिहिलं: ते त्यांना देऊ नका.

संसदेच्या चौकशी समितीने हे संदेश पुढे जाहीर केले. मोबाइलच्या पडद्यावरच्या त्या चार ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. जगाने ज्याचं नाव ऐकलं नव्हतं अशा एका कर्मचाऱ्याने घाईच्या वेळी नाही म्हटलं आणि साखळीची शेवटची कडी शाबूत राहिली.

दुपारी १२:५३ : १ तास २० मिनिटं

भाषण अजून चालू होतं. कॅपिटॉलच्या पश्चिमेला पीस सर्कलपाशी मोजक्या पोलिसांसमोर सायकलच्या स्टँडसारखे लोखंडी अडथळे लावले होते. जमावाने ते उचलून पोलिसांवर लोटले. कॅरोलाइन एडवर्ड्स ही पोलीस अधिकारी मागे पडली, तिचं डोकं पायरीवर आपटलं आणि ती बेशुद्ध झाली. याच सुमारास पहिला पाइप बॉम्ब सापडला आणि पोलिसांचं बळ तिकडेही वाटलं गेलं.

दुपारी १:०५ : १ तास ८ मिनिटं

आत सगळं परंपरेप्रमाणे चाललं होतं. सेनेटर दोघादोघांच्या रांगेने घुमटाखालच्या दालनातून प्रतिनिधिगृहाकडे निघाले, पुढे पेट्या उचललेले कर्मचारी. पेन्स उच्चासनावर बसले.

त्याआधी काही मिनिटं त्यांचं पत्र जाहीर झालं होतं. कोणती मतं मोजायची आणि कोणती नाही, हे ठरवण्याचा एकतर्फी अधिकार घटना मला देत नाही, असं त्यात त्यांनी लिहिलं होतं. उपाध्यक्षाने स्वतःच्या पराभवाची मतं मोजण्याची तिथे रीत आहे. १९६१मध्ये रिचर्ड निक्सन यांनी केनेडींचा विजय याच आसनावरून जाहीर केला. फ्लोरिडात ५३७ मतांनी अध्यक्षपद गेलेल्या अल गोर यांनी २००१मध्ये बुश यांचा विजय जाहीर केला.

पेन्स यांनी ठरलेल्या मजकुरात एका वाक्याची भर घातली होती. प्रत्येक राज्याचा लखोटा उघडताना ते सांगत होते की राज्याच्या अधिकाऱ्याचा दाखला जोडलेलं हे त्या राज्याचं एकमेव प्रमाणपत्र आहे. ऐकणाऱ्याला ते कंटाळवाणं कारकुनी वाक्य वाटलं असेल. त्या वाक्याने सातही बनावट याद्यांना दार बंद केलं.

वर्णानुक्रमे अलाबामा, मग अलास्का. हरकत नाही. मग अॅरिझोना.

दुपारी १:१५ : ५८ मिनिटं

प्रतिनिधी पॉल गोसार आणि सेनेटर टेड क्रूझ यांची लेखी हरकत आली. एक सदस्य, एक सेनेटर, १८८७चा कायदा. मोजणी थांबली. सेनेटर पेट्यांसह आपल्या सभागृहात परतले. बाहेर भाषण संपून जमाव कॅपिटॉलकडे वळला होता. ट्रम्प यांना सुरक्षारक्षकांनी व्हाइट हाउसवर परत नेलं. १:२५च्या सुमारास ते तिथल्या जेवणघरात टीव्हीसमोर बसले.

दुपारी १:३५ : ३८ मिनिटं

सेनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल बोलायला उभे राहिले. हरलेल्या बाजूच्या नुसत्या आरोपांवर निवडणूक उलटवली तर लोकशाही मरणाच्या भोवऱ्यात सापडेल, असं त्यांनी सांगितलं. ते बोलत असताना पोलिसांची फळी पश्चिमेच्या पायऱ्यांवर मागे हटत होती.

दुपारी १:४९ : २४ मिनिटं

कॅपिटॉल पोलिसांचे प्रमुख स्टीव्हन संड यांनी नॅशनल गार्डची तातडीने मदत मागितली. प्रत्येक राज्याचा गार्ड त्या राज्याच्या गव्हर्नरच्या हुकमात असतो. राजधानीला गव्हर्नर नाही, तिथला गार्ड शेवटी अध्यक्षाच्या आणि त्याच्या वतीने लष्करी खात्याच्या हुकमात. मंजुरीच्या पायऱ्या चढत-उतरत तीन तासांहून जास्त वेळ गेला.

दुपारी २:१३

पोलिसाकडून हिसकावून घेतलेल्या ढालीने एकाने सेनेटच्या बाजूची खिडकी फोडली. माणसं खिडकीतून आत उतरली आणि त्यांनी शेजारचं दार आतून उघडलं. त्याच मिनिटाला पेन्स यांना आसनावरून उठवून बाहेर नेण्यात आलं आणि सेनेटचं कामकाज थांबलं. महाराष्ट्रात तेव्हा रात्रीचा पाऊण वाजायला आला होता.

दुपारी २:१४

सेनेटखालच्या जिन्यापाशी यूजीन गुडमन हा कृष्णवर्णीय पोलीस एकटा होता, हातात दंडुका. इराकमध्ये लढून आलेला माजी सैनिक. समोरून जमाव आला तसा तो मागे सरकत, त्यांना आपल्याकडे खेचत जिना चढला. वरच्या मजल्यावर त्याने क्षणभर डावीकडे पाहिलं. काही पावलांवर सेनेटचं दार होतं आणि दारावर पहारा नव्हता. आत सेनेटर अजून बसलेले होते. गुडमनने सगळ्यांत पुढच्या माणसाला जरा ढकललं आणि उजवीकडे वळला. जमाव त्याच्यामागे उजवीकडे गेला. तिथे आणखी पोलीस होते.

एका पत्रकाराने काढलेल्या त्या चित्रफितीत ही मानेची हालचाल जेमतेम पापणी लवेपर्यंत टिकते. त्या वळणाने सेनेट रिकामं करायला काही मिनिटं मिळवून दिली.

दुपारी २:२४

ट्रम्प यांनी लिहिलं की जे करायला हवं होतं ते करण्याचं धैर्य पेन्स यांनी दाखवलं नाही. जमावात हा मजकूर मोबाइलवर वाचून दाखवला गेला. बाहेर पेन्स यांना फाशी द्या अशा घोषणा चालू होत्या. दोन मिनिटांनी पेन्स यांना तळघराकडे हलवलं गेलं, तेव्हा जमाव त्यांच्यापासून सुमारे ४० फुटांवर होता. खाली गाड्या तयार होत्या. पेन्स गाडीत बसायला तयार झाले नाहीत. उपाध्यक्षाचा ताफा कॅपिटॉलमधून पळतोय हे दृश्य त्यांना जगाला दाखवायचं नव्हतं. शिवाय ते निघून गेले असते तर रात्री मोजणी चालवली कोणी असती?

याच गडबडीत सेनेटच्या कर्मचाऱ्यांनी महोगनीच्या पेट्या उचलल्या. जिवाच्या भीतीने धावताना माणूस पर्स विसरतो, कोट विसरतो. यांनी दोन्ही हातांनी पेट्या धरल्या. त्यांनी त्या उचलल्या नसत्या तर जमावाने जाळल्या असत्या, असं सेनेटर जेफ मर्कले यांनी त्या दिवशी लिहिलं. थोड्याच वेळात सेनेटमध्ये माणसं बाकं उचकत होती. जिथे मोजणीचे कागद सांभाळले जातात, त्या कार्यालयाचीही नासधूस झाली. सहा प्रतींमुळे मतं कायमची गेली नसती. पण दुसऱ्या प्रती मागवून आणेपर्यंत दिवस गेले असते, आणि ट्रम्प यांच्या बाजूला नेमके दिवसच हवे होते.

दुपारी २:४४

प्रतिनिधिगृहाच्या लॉबीचं काचेचं दार फोडून एक महिला आत चढू पाहत असताना पोलिसाची गोळी लागून ती मरण पावली. पश्चिमेच्या बोगद्यात डॅनियल हॉजेस हा पोलीस थोड्या वेळाने दाराच्या चौकटीत चिरडला जात होता. त्याची किंकाळी चित्रफितीत आहे.

दुपारी ४:१७

मदतीची पहिली हाक गेल्याला अडीच तास होत आले होते. आता ट्रम्प यांची चित्रफीत आली. निवडणूक चोरली गेली, पण आता घरी जा, आम्ही तुमच्यावर प्रेम करतो. साडेपाचच्या सुमारास नॅशनल गार्ड पोहोचलं. सहाला शहरात संचारबंदी लागली.

रात्री ८:०६

पेन्स पुन्हा सेनेटच्या आसनावर बसले. हिंसा कधी जिंकत नाही, हे अजूनही जनतेचं सभागृह आहे, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना कामाला लागायला सांगितलं. अॅरिझोनावरची हरकत सेनेटने ९३ विरुद्ध ६ मतांनी फेटाळली, प्रतिनिधिगृहाने ३०३ विरुद्ध १२१. दुपारी जे घडलं ते डोळ्यांनी पाहूनही मोजणीला विरोध करणारे थांबले नाहीत. पेनसिल्व्हेनियावर सेनेटर जॉश हॉली यांच्या सहीने पुन्हा हरकत आली. निदान एका हरकतीच्या बाजूने मत देणाऱ्यांची संख्या १४७ भरली, १३९ प्रतिनिधी आणि ८ सेनेटर.

मध्यरात्रीनंतर १ च्या सुमारास

घुमटाखालच्या दालनात न्यू जर्सीचे प्रतिनिधी अँडी किम एकटेच गुडघ्यांवर बसून कचरा उचलत होते. बाटल्या, फाटके झेंडे, तुटलेलं फर्निचर. दीडेक तास ते पिशव्या भरत राहिले. अंगात निळा सूट होता. तो आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

७ जानेवारी, पहाटे पावणेचार

पेनसिल्व्हेनियावरची हरकतही पडली आणि वर्णानुक्रम पुढे सरकला. व्हरमाँटच्या तीन मतांनी बायडन २७०पलीकडे गेले. पुढे वायोमिंगपर्यंत वाचन झालं. पेन्स यांनी ३०६ आणि २३२ हे आकडे जाहीर केले. सेनेटचे धर्मोपदेशक बॅरी ब्लॅक यांनी प्रार्थना म्हटली. आपल्याकडे तेव्हा ७ जानेवारीची दुपार झाली होती.

त्यानंतर

जमावाशी झुंजलेले पोलीस अधिकारी ब्रायन सिकनिक ७ जानेवारीच्या रात्री वारले. सुमारे १४० पोलीस जखमी झाले. १,५००हून जास्त लोकांवर गुन्हे दाखल झाले. २० जानेवारी २०२५ रोजी पुन्हा अध्यक्ष झालेल्या ट्रम्प यांनी पहिल्याच दिवशी जवळपास सगळ्यांना माफी दिली आणि १४ जणांच्या शिक्षा कमी केल्या. हॉजेससारख्या पोलिसांना ज्यांनी चिरडलं, त्यांनाही. हे मला दुखतं आणि ते लपवण्याचं काही कारण नाही.

कायदा मात्र बदलला. २९ डिसेंबर २०२२ रोजी सही होऊन अमलात आलेल्या कायद्याने उपाध्यक्षाचं काम फक्त औपचारिक असल्याचं लिहून टाकलं. हरकतीला आता दोन्ही सभागृहांतल्या एक पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. कर्मणी प्रयोगातली ती फट २१८ वर्षांनी बुजवली गेली.

पण हा कायदा मुख्यतः साखळीच्या शेवटच्या कड्यांपर्यंतच पोहोचतो. काउंटीच्या टेबलावर आकडे लिहिणारा हात, राज्याच्या प्रमाणपत्रावर सही करणारा सचिव, फोनला नकार देणारा अधिकारी, हे सगळे तिथेच आहेत आणि तितकेच एकटे आहेत. राफेन्सपर्गर यांनी ११,७८० मतं 'शोधली' असती, सहायकाने तो लखोटा घेतला असता, गुडमन डावीकडे वळला असता, तर १८८७चा कायदा कुणाच्या मदतीला आला असता?

६ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये जोराची बर्फवृष्टी चालू होती. उपाध्यक्ष कमला हॅरिस उच्चासनावर होत्या. त्यांच्यासमोर लखोटे उघडले गेले आणि त्यांनी ट्रम्प ३१२, स्वतः २२६ असा निकाल वाचून दाखवला. एकही हरकत आली नाही. अर्ध्या तासाच्या आसपास सगळं संपलं. चार वर्षांपूर्वी ज्या पेट्या हातात घेऊन धावावं लागलं होतं, त्या या वेळी बर्फ पडत असताना शांतपणे सेनेटकडे परत गेल्या.